अर्धी विजार आणि पुरी सभ्यता

गेल्या वैशाखात आमच्या घरी एक लहानसा वाद उपस्थित झाला. मुंबईच्या एका कचेरीत नोकरीस असलेला आमचा पुतण्या शनिवारी रात्री पुण्यास आला, तो मानेवर आणि पाठीवर घामोळे घेऊन. घरापासून स्टेशनपर्यंत पायी, तेथून तासभर लोकलच्या गर्दीत उभ्याने, आणि पुन्हा स्टेशनपासून कचेरीपर्यंत पायी, हा सारा प्रवास त्यास लांब पाटलोण, पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यास टाय व पायांत बंद बूट अशा थाटात करावा लागतो. कारण कचेरीचा तसा दंडक आहे. त्याच आठवड्यात फलाटावर घेरी येऊन तो खाली बसला होता. ही गोष्ट त्याने आईस न सांगता आजीस सांगितली, आणि अर्थातच ती दहा मिनिटांत साऱ्या घरास कळली.

जेवणे झाल्यावर तो मला म्हणाला, "काका, बर्म्युडा बेटात बँकेचा मॅनेजरसुद्धा अर्ध्या विजारीत कचेरीत बसतो, आणि त्यास कोणी हसत नाही. मग आम्हीच काय पाप केले आहे?"

यावर माझे ज्येष्ठ बंधू उसळून म्हणाले, "चड्डी घालून कचेरीत जावयाचे? उद्या बनियनवर जाशील!" वहिनींचे म्हणणे पडले की, फलाटावर पडण्यापेक्षा ते परवडले. आमच्या मातोश्री मात्र काही न बोलता नुसत्या हसल्या.

पुतण्याने सांगितलेली गोष्ट खरी आहे. परंतु ती पुरती समजून घेतली, तर तीत अर्ध्या विजारीहून अधिक काही सापडते. म्हणून तिचा थोडा विस्ताराने विचार करावयाचे योजिले आहे.

बेट आणि त्याची हवा

बर्म्युडा हा उत्तर अटलांटिक महासागरातील चिमुकल्या बेटांचा एक पुंजका आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना प्रांताच्या किनाऱ्यापासून तो सुमारे १,००० किलोमीटर दूर आहे. क्षेत्रफळ अवघे ५४ चौरस किलोमीटर, आणि वस्ती साठ-पासष्ट हजारांची. १६१२ साली इंग्रजांनी येथे वसाहत केली. आजही हा मुलूख ब्रिटनच्या छत्राखाली असून अंतर्गत कारभार मात्र स्वतः पाहतो. हॅमिल्टन ही त्याची राजधानी. प्रवाशांच्या येण्याजाण्यावर आणि विम्याच्या प्रचंड व्यवसायावर तेथील लोकांचा चरितार्थ चालतो. हे अशासाठी सांगावयाचे की, समुद्रकाठी लोळत पडणाऱ्या रिकामटेकड्यांचा हा गाव नव्हे. जगभरातील विमा कंपन्यांच्या जोखमीचे सौदे येथे होतात, आणि ते करणारी माणसे पैशाच्या बाबतीत अतिशय काटेकोर असतात.

गल्फ स्ट्रीम नावाच्या उष्ण सागरी प्रवाहाच्या सान्निध्यामुळे या बेटांची हवा उबदार असते. उन्हाळ्यात पारा ३० अंशांच्या आसपास चढतो आणि हवेतील दमटपणामुळे तो अधिक जाणवतो. बेटावर नद्या नाहीत. म्हणून तेथील घरांची छपरे चुनखडीच्या दगडाची, पायऱ्यापायऱ्यांची आणि पांढरीशुभ्र असतात. त्यांवर पडलेले पावसाचे पाणी खालच्या टाक्यात साठवितात आणि वर्षभर पितात. जे लोक हवापाण्याचा विचार करून छपरे बांधतात, त्यांनी हवापाण्याचा विचार करून विजारी शिवल्या, यात नवल ते काय?

पलटणीतून पेढीत

तथापि ही विजार मूळची बर्म्युडाची नव्हे. ती ब्रिटिश पलटणींबरोबर तेथे गेली. उष्ण देशांत लाल बनातीचे डगले घालून लढणे म्हणजे शत्रूच्या आधी सूर्याशी लढणे, हा धडा ब्रिटिश लष्करास मिळाला तो बव्हंशी आपल्याच देशात. १८४६ साली हॅरी लम्सडेन याने पेशावरकडे 'गाइड्स' नावाचे पथक उभारले. या पथकाने धुळीच्या रंगाचा पोशाख स्वीकारला. 'खाक' म्हणजे धूळ, त्यावरून 'खाकी' हा शब्द जगभर झाला. पुढे उष्ण प्रदेशांतील सैनिकांना खाकी कापडाची आखूड विजारही मिळाली. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढणाऱ्या ब्रिटिश सैन्याची छायाचित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांस ती गुडघ्यापर्यंतची विजार आठवत असेल.

बर्म्युडात ब्रिटिश आरमाराचा मोठा तळ होता. १९१४ च्या सुमारास तेथे नॅथॅनियल कॉक्सन नावाच्या गृहस्थांचे चहाचे दुकान होते, अशी एक कथा तेथे सांगतात. आरमारी अधिकाऱ्यांची गर्दी वाढली, चुलीची धग वाढली आणि दुकानातील नोकर उकाड्याने हैराण झाले. नवे कपडे शिवून देण्याचा खर्च नको, म्हणून मालकाने त्यांच्या लांब विजारीच गुडघ्याशी कापून टाकल्या. आणि ते पाहून अधिकाऱ्यांनाही ती युक्ती आवडली! कथेत मीठमसाला किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु आमच्या घरातील कोणत्याही गृहिणीस ती खोटी वाटणार नाही. थोरल्याची विजार कापून धाकट्यास करणे, ही विद्या तिला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे.

चहाच्या दुकानातील नोकराचा पोशाख बँकेत कसा शिरला, ही हकीकत अधिक महत्त्वाची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेटावर कापडाची टंचाई पडली. कारकुनांच्या विजारी विरल्या, आणि नव्या मिळेनात. तेव्हा तेथील दोन बँकांच्या मुख्य कारभाऱ्यांनी शिंप्यास सांगून आपल्या प्रत्येक पुरुष कर्मचाऱ्यास लष्करी नमुन्याच्या दोन-दोन अर्ध्या विजारी शिवून दिल्या, असे सांगतात. टंचाई संपली, विजार मात्र राहिली. हवेस मानवणारी वस्तू एकदा अंगास लागली की ती सोडवत नाही.

गुडघ्यावरचे तीन इंच

आता कोणी म्हणेल, "अंग मोकळे राहावे म्हणून लोकांनी शिष्टाचार गुंडाळून ठेवला, एवढेच ना?" नेमके याच्या उलट घडले. बर्म्युडाच्या लोकांनी विजार आखूड केली आणि नियम मात्र लांबविले.

विजारीची कड गुडघ्याच्या वर, परंतु तीन इंचांहून अधिक वर नाही. कापड सुटास शोभेल असे आणि इस्त्री कडक. तिच्याखाली गुडघ्याच्या लगत पोहोचणारे लांब पायमोजे, वरची कड नीट दुमडलेली. पायांत पॉलिश केलेले बंद बूट. अंगात सदरा, गळ्यास टाय, वर कोट. रंगाची मोकळीक पुष्कळ. गुलाबी, पिवळी किंवा लाल विजार घातलेला प्रतिष्ठित वकील किंवा विमेवाला हॅमिल्टनच्या रस्त्यावर दिसला, तर तो चेष्टेचा विषय होत नाही. परंतु मोजे आखूड असले, किंवा विजारीस बाहेरून मोठमोठे खिसे लोंबत असले, की तो पोशाख सुटीचा झाला, कचेरीचा राहिला नाही.

या साऱ्या नियमांचा हिशोब मांडला तर एक गंमत आढळते. वरून विजार, खालून मोजे. मग उघडे राहिले ते काय? केवळ दोन गुडघे! म्हणजे एवढी क्रांती झाली, ती चार-पाच बोटे कातडीसाठी. पण विजारीचा घेर मोकळा असल्यामुळे वारा आत खेळतो, आणि उकाड्यात तेवढेही पुष्कळ. राहिलेले सारे नियम हे पाहणाऱ्याच्या समाधानासाठी आहेत. 'मी तुम्हांस भेटावयास मुद्दाम नीटनेटका होऊन आलो आहे,' एवढेच सभ्य पोशाखाने सांगावयाचे असते. आणि ते गुडघा झाकून जसे सांगता येते, तसे उघडा ठेवूनही सांगता येते, हे या बेटाने सिद्ध केले.

आणि अभिमान तरी केवढा! ऑलिंपिक सामन्यांच्या उद्घाटनाच्या संचलनात बर्म्युडाचा संघ लाल अर्ध्या विजारीत चालतो. २०१८ साली दक्षिण कोरियातील प्याँगचँग येथे हिवाळी ऑलिंपिक झाले. कडाक्याच्या थंडीत सारे जग लोकरीत गुरफटलेले असताना बर्म्युडाचा एकुलता एक खेळाडू, टकर मर्फी, त्याच लाल विजारीत ध्वज घेऊन मैदानात आला. हा थोडा अतिरेक खरा; पण आपल्या पोशाखाची लाज नसणे म्हणजे काय, हे त्यावरून कळते.

एकट्याचे धाडस

इतर देशांत हा प्रयोग झालाच नाही असे नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे १९६०-७० च्या दशकांत सरकारी कारकून उन्हाळ्यात अर्धी विजार व लांब मोजे घालून कचेरीत जात. १९७२ च्या नोव्हेंबरात दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मुख्यमंत्री डॉन डन्स्टन हे चक्क गुलाबी अर्ध्या विजारीत ॲडिलेडच्या संसदगृहात गेले. त्या प्रसंगाची आठवण अजून निघते. परंतु तेथील पुढाऱ्यांनी तो पोशाख उचलला नाही. पुढे फॅशन पालटली, आणि न्यूझीलंडमध्ये तर मोजे-विजारीतील कारकून हा विनोदाचा विषय होऊन बसला.

युरोपातही उन्हाळे आता कडक होऊ लागले आहेत. २०१७ च्या जूनमध्ये फ्रान्समधील नांत शहरातील बसचालकांस अर्धी विजार घालण्याची परवानगी मिळेना. स्त्री-कर्मचाऱ्यांस झगा चालत होता. तेव्हा काही पुरुष चालक झगा घालूनच कामावर आले! त्याच महिन्यात इंग्लंडातील एक्झिटर शहरात एका शाळेतील मुलांनीही हाच मार्ग पत्करला. जग हसले. परंतु त्या हसण्याखाली एक गंभीर गोष्ट होती: नियम करणाऱ्यांस उकाडा दिसत नव्हता, फक्त पोटऱ्या दिसत होत्या.

याउलट जपानचे उदाहरण घ्यावे. २००५ साली तेथील सरकारने 'कूल बिझ' नावाची चळवळ सुरू केली. उन्हाळ्यात कचेऱ्यांतील वातानुकूलन २८ अंशांवर ठेवावे, आणि त्यासाठी टाय व कोट यांस रजा द्यावी, असा तिचा आशय. पोशाखाच्या बाबतीत जपानी कचेरी किती कडक, हे सर्वश्रुत आहे. अशा ठिकाणी हे जमले कसे? पंतप्रधान कोइझुमी स्वतःच टाय व कोट काढून लोकांसमोर आले. साहेबाच्या गळ्यातील गाठ सुटल्यावर कारकुनास आपली सोडावयास भय वाटेना.

बर्म्युडात बँकेच्या कारभाऱ्यांनी स्वतः विजारी शिवून दिल्या. जपानात पंतप्रधानांनी टाय सोडला. जेथे वरिष्ठांनी पुढाकार घेतला आणि नियम सर्वांस सारखे केले, तेथे बदल टिकला. जेथे एकट्याने धाडस केले, तेथे ते गमतीचे छायाचित्र होऊन राहिले. बंधूंची भीती आणि पुतण्याची तक्रार या दोहोंचे उत्तर मला येथेच दिसते.

घामाचा हिशोब

आता थोडे शरीरशास्त्र. स्वस्थ बसलेला मनुष्यदेखील सुमारे १०० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. हवा तापली की ही उष्णता घालविण्याचा मुख्य मार्ग घाम हाच. एक लिटर घाम कातडीवरून वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. परंतु तो वाळला पाहिजे. नुसता निथळून उपयोग नाही. मुंबईसारख्या दमट गावी हवा आधीच ओली, त्यावर जाड कापडाचे आवरण; मग घाम वाळणार कसा? दोन्ही पाय मिळून शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे ३६ टक्के भाग व्यापतात. एवढा भाग बंद करून ठेवणे, म्हणजे घराच्या तिसऱ्या हिश्शाच्या खिडक्या वैशाखात खिळवून टाकणेच होय.

आणि याची किंमत घालणाराच देतो असे नाही. कपड्यांचा उबदारपणा मोजण्याचे 'क्लो' नावाचे एक परिमाण शास्त्रज्ञांनी १९४१ साली ठरविले. एक क्लो म्हणजे ढोबळमानाने पुरुषाच्या एका पुऱ्या सुटाची ऊब. या पोशाखातील पुरुषास बरे वाटावे इतका गारवा कचेरीत करावयाचा, तर शेजारी साडी किंवा पातळ पंजाबी पोशाख घातलेल्या भगिनीने काय करावे? ती शाल पांघरून बसते! २०१५ साली दोन डच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, इमारतींच्या गारव्याचे नियम एका सरासरी पुरुषाच्या शरीरावर बेतलेले आहेत, आणि स्त्रियांच्या शरीरातील उष्णतेचा अंदाज त्यांत ३५ टक्क्यांपर्यंत चढा धरला जातो. म्हणजे पुरुषांनी कोट घालावा, त्यासाठी यंत्र चालावे, त्या यंत्राचे बिल कचेरीने भरावे, आणि त्या गारठ्यात बायकांनी कुडकुडावे, असा हा व्यवहार आहे. आपल्या देशात २०२० पासून नव्या वातानुकूलन यंत्रांचा मूळ आकडा २४ अंशांवर ठेवण्याचा नियम झाला, तो विजेच्या बचतीसाठी. पण यंत्राचा आकडा वर न्यावयाचा तर अंगावरचे कापडही हलके झाले पाहिजे.

आपली अडचण

इतके असूनही आपल्याकडे अर्ध्या विजारीस कचेरीत मान मिळेल असे मला वाटत नाही. आणि त्याचे कारण गुडघा नव्हे. ज्या इंग्रजी अमदानीने आपणांस ही विजार दाखविली, तिने ती पोलीस शिपायाच्या पायांत घातली, आणि शाळेने मुलांच्या. साहेब शिकारीस किंवा दौऱ्यावर ती घाली; परंतु त्याचा हिंदी कारकून मात्र लांब पाटलोणीतच शोभे. आमच्या पिढीतील प्रत्येक पुरुषास आपली पहिली 'फुल पँट' आठवते. ती मिळाली त्या दिवशी आपण मोठे झालो. अर्धी विजार म्हणजे हुकूम ऐकणारा, किंवा अजून लहान असलेला, हा अर्थ आपल्या मनात असा रुजला आहे. कापडास अंगची प्रतिष्ठा नसते. ते कोणाच्या अंगावर दिसले, त्यावरून ती ठरते.

आणि दैवाचा खेळ असा की, 'बर्म्युडा' हा शब्द आज मराठी घरांत सर्वतोमुखी आहे. पण तो रविवारी सकाळी घरात घालावयाच्या ढगळ चड्डीचे नाव म्हणून! ज्या वस्त्राबरोबर तेथे टाय, कोट आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे येतात, त्याचे आपल्याकडे नाव आले, नेम आला नाही.

मग आमच्या मातोश्री हसल्या कशास? दुसऱ्या दिवशी मी विचारले. त्या म्हणाल्या, "अरे, मामंजी धोतर नेसून, वर कोट आणि टोपी घालून तीस वर्षे कचेरीत गेले. सायकलीवर बसताना धोतर खोचीत, तेव्हा पोटऱ्या साऱ्या पेठेस दिसत. त्यांस कोणी असभ्य म्हटल्याचे ऐकले नाही बाई!"

या एका वाक्याने वादाचा निकाल लागला असे मी समजतो. उघड्या पोटरीची लाज ही आपली जुनी परंपरा नव्हे; ती पाटलोणीबरोबर उसनी आली. १९३१ साली गांधीजी लंडनच्या राजवाड्यात पंचम जॉर्ज बादशहांस भेटले, ते पंचा आणि शाल एवढ्यावर. त्यांचे गुडघे उघडे होते. म्हणून हिंदुस्थानची मान खाली गेली नाही. आजही वकिलांच्या पोशाखाच्या अखिल भारतीय नियमांत लांब विजारीबरोबर धोतरासही जागा आहे. आणि सर्वोच्च व उच्च न्यायालये सोडून इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही. न्यायासनापुढे जे चालते, ते हिशोबाच्या वह्यांपुढे का चालू नये?

मी पुतण्यास अर्ध्या विजारीची शिफारस केली नाही. त्यास एवढेच सांगितले की, एकट्याने बंड करू नकोस. बरोबरीच्या सर्वांची सही घेऊन वरिष्ठांकडे अर्ज कर, आणि काय सोडावयाचे याबरोबर काय पाळावयाचे हेही त्यात लिही. बर्म्युडाचा धडा तोच आहे. त्याने व त्याच्या सोबत्यांनी अर्ज केला. टाय नको, बाह्या अर्ध्या चालाव्या, कापड सुती असावे. मात्र सदरा इस्त्रीचा, आत खोचलेला, आणि बूट स्वच्छ, असा तो मसुदा होता. चार दिवस उत्तर आले नाही. पाचव्या दिवशी त्यांचे मुख्य अधिकारी स्वतःच टायावाचून आले, आणि पाऊस पडेपर्यंत तीच वहिवाट राहिली.

बंधूंनी ही वार्ता ऐकून "ठीक आहे" एवढेच म्हटले. तो रविवार होता, आणि ते ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. अंगात बनियन, आणि पायांत बर्म्युडा.